तीन शेपट्या, एक नखी

नदीतला दगड उचलला की माणूस त्याची वरची बाजू बघतो. बघायची असते खालची. पवना धरणाच्या खाली, किंवा लोणावळ्याच्या अंगाला एखाद्या बारमाही ओढ्यात, घोट्याइतक्या खळखळत्या पाण्यातला तळहाताएवढा काळा गोटा अलगद उचलावा आणि उलटा करून उजेडात धरावा. सुरुवातीला शेवाळाशिवाय काही दिसत नाही. मग त्या शेवाळाचाच एक तपकिरी तुकडा चटकन आडवा सरकतो आणि दगडाच्या कडेआड जातो. सपाट अंग, माथ्यावर बसवलेले डोळे, मागे बारीक लांब धागे. हे मेफ्लायचं पिल्लू. कीटकशास्त्रात त्याला निंफ म्हणतात. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर.

पिंपरी-चिंचवडच्या मधून पवना वाहते, उत्तरेच्या हद्दीवरून इंद्रायणी, दक्षिणेला मुळा, आणि चाकणच्या पलीकडे भामा. इतक्या नद्या असूनही या औद्योगिक पट्ट्यात नदीची बातमी होते ती बहुधा दोन कारणांनी: आळंदीच्या घाटावरचा फेस, नाहीतर पवनेतली जलपर्णी. या दोन गोष्टी डोळ्यांना दिसू लागेपर्यंत पाण्याची पुरती वाट लागलेली असते. दगडाखालचं पिल्लू त्याच्या कितीतरी आधी खबर देतं. अट एकच, ते नेमकं कोणतं पिल्लू आहे हे ओळखता आलं पाहिजे. ‘मेफ्लाय सापडली, म्हणजे पाणी स्वच्छ’ हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं. ते अर्धंच खरं आहे. काही मेफ्लाय निवळशंख वाहत्या पाण्यातच तगतात, काही गाळ भरलेल्या संथ डबक्यातही खुशाल राहतात, आणि या दोघींमधला फरक त्यांच्या अंगावरच लिहिलेला असतो.

आधी थोडी कुळकथा. मेफ्लायच्या गणाचं शास्त्रीय नाव एफेमेरॉप्टेरा. जगभरात तिच्या तीन हजारांवर जाती आहेत आणि तिचे पूर्वज डायनासोरांच्याही खूप आधीपासून पृथ्वीवर होते. प्रौढ मेफ्लायला खाता येत नाही. तोंडाचे अवयव निकामी असतात. जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी टाकायची आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत मरायचं. यावरून ‘एका दिवसाचं आयुष्य’ ही तिची ख्याती झाली. पण ते आयुष्याचं फक्त शेवटचं पान. त्याआधी कित्येक आठवडे किंवा महिने, थंड देशांत कधी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त, ती पाण्याखाली पिल्लू म्हणून जगलेली असते, पुन्हापुन्हा कात टाकत वाढलेली असते. युरोपात तिचे थवे मे महिन्याच्या सुमारास उडतात म्हणून हे नाव पडलं. आपल्याकडच्या उबदार ओढ्यांत वर्षभरात अनेक पिढ्या होतात. तिची आणखी एक खासियत म्हणजे पंख फुटल्यावरही ती एकदा कात टाकते. असं करणारा आज हयात असलेला दुसरा कीटकगण नाही.

आता ओळख. पांढऱ्या ताटात दोन बोटं पाणी घेऊन त्यात पिल्लू सोडलं की तीन ठिकाणी बघायचं: पोटाच्या कडा, पायाचं टोक आणि शेपूट. बहुतेक जण शेपटीपासून सुरुवात करतात, कारण ती आधी नजरेत भरते. मी शेवटी बघायला सांगेन.

पोटाला दहा वलयं असतात. त्यातल्या पहिल्या सात वलयांपैकी बहुतेकांच्या कडेला कल्ल्यांच्या जोड्या दिसतात. पातळ पाकळ्या, धाग्यांचे झुपके किंवा पिसं, असा त्यांचा आकार जातीगणिक बदलतो. पोटाच्या दोन्ही कडांना असे कल्ले असणं ही मेफ्लायची सर्वांत भरवशाची खूण. मग भिंगातून पायाचं टोक बघावं. प्रत्येक पायाला एकच नखी असते. शेवटी शेपटीचे धागे. ते बहुधा तीन असतात, पण इथेच फसगत होते. डोंगरी ओढ्यांत राहणाऱ्या इपिओरस नावाच्या मेफ्लायला दोनच धागे असतात, आणि कोणत्याही पिल्लाचे धागे चिमटा लागला की तुटतात. ताटात एका शेपटीचं पिल्लू दिसलं तर नवी जात सापडल्याचा आनंद करू नये.

गोंधळ कोणाशी होतो? सगळ्यात आधी टाचणीच्या पिल्लाशी. चतुराची ही सडपातळ चुलत बहीण. तिच्याही पिल्लाच्या मागे तीन अवयव असतात, पण ते रुंद पानांसारखे आणि उभे. ते तिचे कल्ले आहेत. पोटाच्या कडा मात्र बहुधा कोऱ्या. शिवाय टाचणीचं पिल्लू शिकारी असतं. त्याच्या खालच्या ओठाला बिजागरी असते आणि तो ओठ झटकन पुढे फेकून ते भक्ष्य पकडतं. मेफ्लायची बहुतेक पिल्लं शेवाळ खरवडून किंवा कुजक्या पानांचा चुरा गोळा करून जगतात.

दुसरा गोंधळ स्टोनफ्लायशी. वाहत्या पाण्यातले दगड दोघींनाही आवडतात, त्यामुळे त्या एकाच गोट्याखाली सापडू शकतात. स्टोनफ्लायला शेपट्या दोनच, प्रत्येक पायाला नख्या दोन आणि कल्ल्यांचे झुपके छातीखाली, पायांच्या बगलांत. म्हणजे दोन शेपट्यांचं पिल्लू हाती आलं तर शेपट्यांवर वेळ घालवू नये, नख्या मोजाव्यात. एक नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय. कॅडिसफ्लायची अळी तर लांबूनच वेगळी कळते. ती वाळूच्या कणांचं किंवा काड्यांचं घर करून राहते, किंवा उघडी असली तरी तिच्या अंगाच्या मागच्या टोकाला आकडे असतात. शिवाय ती अळी आहे, तिच्या पाठीवर पंखांचं नावनिशाण नसतं. मेफ्लायच्या वाढलेल्या पिल्लाच्या छातीवर मात्र पंखांच्या पिशव्या स्पष्ट दिसतात.

या पिशव्यांकडे जरा थांबून बघावं. लहान पिल्लात त्या नसतात, मग नुसत्या उंचवट्यासारख्या दिसू लागतात आणि प्रत्येक कातीबरोबर लांबतात. त्या गडद, जवळजवळ काळ्या झाल्या की आत पंख घडी घालून तयार आहेत असं समजावं; एक-दोन दिवसांत पिल्लू पाणी सोडणार. बेटिडी कुळातल्या अशा पिकल्या पिल्लाच्या डोक्यावर कधी तांबूस-तपकिरी रंगाचे दोन मोठे डाग दिसतात. तो नर. प्रौढ नराला वरच्या बाजूला पाहणारे मोठे जादा डोळे असतात, थव्यात वरून उडणारी मादी हेरण्यासाठी. त्यांची तयारी पिल्लाच्या कातडीखालीच सुरू झालेली असते.

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्याला ‘गो, नो-गो’ गेज समजावून सांगावं लागत नाही. भोकात एक टोक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मधलं काही नाही. कीटक ओळखण्याची किल्ली याच पद्धतीने चालते. प्रत्येक पायरीला एक प्रश्न आणि दोनच उत्तरं. अंग सपाट की गोलसर? डोळे माथ्यावर की कडेला? कल्ले उघडे की झाकलेले? अशा पाच-सहा पायऱ्यांत आपण कुळापर्यंत पोचतो, आणि नदीचा कस पाहायला तेवढं पुष्कळ झालं.

सुरुवातीला दगडाखाली दिसलेलं सपाट पिल्लू हेप्टाजेनिडी कुळातलं. याची ठेवण पाहण्यासारखी आहे. डोकं, छाती, मांड्या, सगळं चपटं. दगडाला इतकं चिकटून की वाहतं पाणी त्याच्या अंगावरून निघून जातं. दगडाच्या पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ, मंदावलेला थर असतो. हे पिल्लू त्या थरात राहतं. कल्ले पाकळीसारखे आणि पाकळीच्या बुडाशी धाग्यांचा झुपका. इपिओरसच्या काही जातींत तर कल्ल्यांच्या कडा एकमेकींवर येऊन पोटाखाली एक गोल कडं तयार होतं आणि त्यामुळे दगडावरची पकड आणखी पक्की होते. सह्याद्रीतल्या वेगवान ओढ्यांत हे कुळ हमखास भेटतं. गाळाने दगड माखले की त्याला धरायला जागा उरत नाही आणि खरवडायला शेवाळही.

त्याच ओढ्यात बेटिडीही असतात, पण त्यांचा ढंग निराळा. निमुळतं, मासोळीसारखं अंग, लांब मिशा, कल्ल्यांच्या साध्या अंडाकृती पाकळ्या. ताटात सोडलं की हे पिल्लू चालत नाही, पोट वरखाली हलवत झटके देत पोहतं. नुसत्या चालीवरूनही कुळ ओळखता येतं, भिंग काढायच्या आधीच. बेटिडी हे मोठं आणि नाना स्वभावांचं कुळ आहे. त्यातल्या बेटिससारख्या जाती प्रवाहात राहतात, तर क्लोऑन डबक्यात, तळ्यात, अगदी अंगणातल्या हौदातही आढळते. क्लोऑनच्या पहिल्या सहा जोड्यांतली प्रत्येक पाकळी दुहेरी असते. त्या पाकळ्या पिल्लू सारखी फडफडवत असतं.

या फडफडण्यात सगळं गुपित आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू अंगापर्यंत यायचा तर पाणी हललं पाहिजे. साचलेल्या पाण्यात ते आपोआप हलत नाही, म्हणून क्लोऑन कल्ल्यांनी ते हलवते. बेटिसला ही सवय नाही. तिचे कल्ले जवळजवळ स्थिर राहतात, पाणी हलवण्याचं काम नदी करते. दोघी एकाच कुळातल्या, दिसायला बहिणी. पण बंधारा घालून पाणी अडवलं की एक गुदमरते आणि दुसरीचं काही बिघडत नाही.

सीनिडी कुळाने याहून वेगळा तोडगा काढला आहे. ही पिल्लं लहान, जेमतेम पाच मिलिमीटरची, मळकट आणि सुस्त. ताटात सांडलेला चिखलाचा कण वाटावीत अशी. भिंगाखाली मात्र पाठीवर दोन चौकोनी ढाली दिसतात, मध्यरेषेवर एकमेकींना टेकलेल्या. या ढाली म्हणजे कल्ल्यांची दुसरी जोडी. त्यांच्या आड पुढच्या चार जोड्यांचे झालरीदार नाजूक कल्ले सुरक्षित हलत असतात, त्यामुळे गाळ त्यांच्यावर बसत नाही. पहिली जोडी तर नुसत्या धाग्याएवढी उरली आहे. गाळात राहायचं, आणि श्वासाचे अवयव स्वच्छ ठेवायचे, हे कोडं सोडवलेलं इतकं नेटकं शरीर मला दुसरं माहीत नाही. चौकोनी ढाल दिसली की सीनिडी. इथे सहसा शंका उरत नाही.

लेप्टोफ्लेबिडीची पिल्लं पालापाचोळ्यात आणि दगडांच्या फटींत सरपटतात. शेपटीचे तीन धागे लांब आणि पसरलेले, कल्ले टोकाशी दोऱ्यासारखे निमुळते किंवा दुभंगलेले. एफेमेरिडी वाळूत आणि मऊ तळात बीळ करून राहतात. त्यांच्या जबड्यांना पुढे आलेले सुळे असतात, पुढचे पाय खोदायला रुंद झालेले असतात आणि पिसांसारखे कल्ले पाठीवर वळलेले. ते कल्ले हलवून पिल्लू बिळातून पाणी खेचत राहतं. सुळे दिसले की बहुधा हेच कुळ.

एका विचित्र पाहुणीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. प्रोसोपिस्टोमाच्या पिल्लाची पाठ एका घुमटाकार कवचाने झाकलेली असते, कल्ले त्याच्या आत दडलेले, शेपट्याही आत ओढून घेता येणाऱ्या. अठराव्या शतकात पॅरिसच्या जोफ्रवा या निसर्गशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. पुढे कित्येक दशकं तिची गणना कोळंबी-खेकड्यांच्या वर्गात होत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मेफ्लाय असल्याचं नक्की झालं. तिची एक जात, प्रोसोपिस्टोमा इंडिकम, दक्षिण भारतातून १९६७ साली वर्णिली गेली. रूपावर भिस्त ठेवणाऱ्या शास्त्रालाही रूप किती फसवतं, याचं हे जुनं उदाहरण.

आता पवनेकडे. धरणातून सोडलेलं पाणी मावळातून ३०-३५ किलोमीटर नदीच्या पात्रातूनच वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून ते उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं आणि मग शहराच्या नळांना येतं. म्हणजे शहराची जलवाहिनी ही नदीच आहे. हेच पाणी धरणापासून थेट बंद नळातून आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी त्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्या वादाचे मुद्दे माणसांचे होते, शेतीचे होते. पण पाणी पात्रातून वाहणार की नळातून, हा प्रश्न खळखळीच्या दगडावर राहणाऱ्या पिल्लासाठीही जगण्यामरण्याचा आहे. ऐन उन्हाळ्यात पवना वाहती राहते ती शहराला तहान लागते म्हणून.

रावेतच्या पुढे पाणी ठिकठिकाणी अडतं, संथ होतं, तापतं. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसात. आपल्या पठाराच्या उंचीवर थोडा आणखी कमी. हा निव्वळ भौतिकशास्त्राचा हिशेब झाला, अजून घाण मिसळलेलीच नाही. नदीत सांडपाणी आलं की त्यातलं सेंद्रिय द्रव्य खाणारे जिवाणू उरलेल्या प्राणवायूवर ताव मारतात. वर जलपर्णीची गादी पसरली की हवेशी संबंध तुटतो आणि खाली उजेड पोचत नाही. मग आधी हेप्टाजेनिडी जातात, लेप्टोफ्लेबिडी जातात, मग बेटिस. क्लोऑन आणि सीनिडी बराच काळ टिकाव धरतात. त्यांचंही मोडलं की तळाशी उरतात त्या कायरोनोमिडच्या लाल अळ्या, ज्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे नावापुरत्या प्राणवायूवरही भागतं, आणि ट्युबिफेक्सचे किडे.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस या क्रमालाच गुण देण्यात आले. हेप्टाजेनिडी, लेप्टोफ्लेबिडी आणि एफेमेरिडी यांना दहापैकी दहा. सीनिडीला सात, बेटिडीला चार. कायरोनोमिडला दोन, ट्युबिफेक्ससारख्या किड्यांना एक. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याच धर्तीवर भारतीय नद्यांसाठी जैविक निकष तयार केले, ज्यात पाण्याचे ‘स्वच्छ’ ते ‘तीव्र प्रदूषित’ असे पाच वर्ग आहेत. गुणांची ही यादी नीट बघितली तर मघाचं सैल वाक्य कुठे फसतं ते कळतं. बेटिडीचे चार गुण आणि हेप्टाजेनिडीचे दहा, दोन्ही मेफ्लायच. नुसतं ‘मेफ्लाय मिळाली’ असं लिहून आणणाऱ्याने चार आणले की दहा, हे कसं कळणार? सीनिडीला मिळालेले सात मला आपल्या पठारी नद्यांसाठी जरा सढळ वाटतात. गाळ आणि संथ पाणी सोसण्याची तिची तयारी पाहता, एकट्या सीनिडीच्या भरवशावर पाण्याला चांगलं म्हणायला मी धजणार नाही.

रासायनिक चाचण्यांना हा पर्याय नाही, पण त्यांना जे जमत नाही ते यातून साधतं. बीओडीची, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची, चाचणी आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून करतात. अंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरमागे ३ मिलिग्रॅम. आकडा नेमका येतो, पण तो बाटली बुडवली त्या घटकेचा. मध्यरात्री कुणी टाकी रिकामी केली आणि सकाळी दहाला नमुना घेतला, तर घाण केव्हाच पुढे वाहून गेलेली असते. दगडाखालचं पिल्लू कुठे जाणार? ते गेले कित्येक आठवडे त्याच दहा-वीस मीटरांत आहे. ते जिवंत असेल तर त्या सगळ्या रात्री निभावल्या असा अर्थ होतो.

कुळाच्या पुढे जाऊन जात ओळखायची म्हटली की काम अवघड होतं. मेफ्लायच्या कित्येक जातींची वर्णनं प्रौढ नरावरून, त्याच्या जननेंद्रियांच्या आकारावरून लिहिलेली आहेत. पिल्लू हाती असून उपयोग नाही; ते कुणाचं पिल्लू, हे ठरवायला त्याला पाळून मोठं करावं लागतं किंवा डीएनएचा आधार घ्यावा लागतो. काळ्या पिशव्यांचं पिल्लू इथे सोन्याच्या मोलाचं. त्याला त्याच ओढ्याच्या पाण्यात, हवेचा बुडबुडा चालू ठेवून, वर जाळी बांधून ठेवलं तर टाकलेली कात आणि तिच्यातून निघालेला प्रौढ, दोन्ही मिळतात आणि नातं पक्कं होतं. दक्षिणेत हे काम मदुराईच्या के. जी. शिवरामकृष्णन यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक दशकं चिकाटीने केलं; पश्चिम घाटातल्या मेफ्लायची आजची माहिती बऱ्याच अंशी त्या घराण्याची देणगी आहे. आणि आपल्या दाराशी, आकुर्डीत, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. देशातल्या प्राण्यांची नोंद ठेवणारी ही संस्था १९१६ ची. रोज त्या रस्त्याने कामावर जाणाऱ्यांपैकी किती जणांनी तिची पाटी वाचली असेल कोण जाणे.

पिल्लू जगलं म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. पंख फुटण्याची वेळ आली की ते पृष्ठभागाशी येतं, पाठीवर कात फाटते आणि मेफ्लाय पाण्याच्या ताणलेल्या पातळ पडद्यावर क्षणभर उभी राहून पंख उघडते. तिच्या या पहिल्या पंखांवर बारीक लव असते, ती ओलीपासून वाचवते. साबणाच्या आणि डिटर्जंटच्या पाण्याने हा पृष्ठताण कमी होतो, लव भिजते. इंद्रायणीवरचा फेस छायाचित्रात बर्फासारखा दिसतो. या जिवासाठी त्याचा अर्थ उभं राहायला जमीनच नाही असा होतो.

आणि पाण्यातून सुटल्यावर गाड्यांच्या कारखान्यांचं चाकण आहेच. पाणी कुठे आहे हे मेफ्लाय ओळखते ते पृष्ठभागावरून परतणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशावरून. हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की कोरड्या डांबरी रस्त्यावरून परतणारा प्रकाश तसाच ध्रुवीकृत असतो आणि मेफ्लाय त्याला पाणी समजून रस्त्यावर अंडी घालतात. २००६ साली त्याच गटाने गाड्यांच्या रंगांकडे मोर्चा वळवला. लाल आणि गडद रंगाच्या गाड्यांची चकचकीत छपरं पाणकीटकांना जास्त फसवतात, असं त्यांना आढळलं. डांबर, काच आणि कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या गाड्यांच्या रांगा यांची आपल्या पट्ट्यात कमी नाही. छपरावर पडलेली अंडी सुकून जातात. कारखान्यांच्या प्रखर दिव्यांकडेही मेफ्लाय ओढल्या जातात. दिव्याखाली पावसाळ्यात पडणारा पंखांचा खच बहुतेकदा वाळवीचा असतो, तो मेफ्लायचा समजू नये. वाळवीचे चारही पंख सारखे आणि गळून पडणारे. मेफ्लाय बसली की पंख पाठीवर उभे मिटते आणि शेपटीचे लांब धागे तेव्हाही असतात.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचंय त्यांच्यासाठी थोडं. पावसाळ्यात पात्रात उतरू नये. पूर दगडांसकट सगळं धुऊन नेतो, सापडत काही नाही आणि जीव धोक्यात जातो. पाणी उतरून निवळलं की, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हा काळ चांगला. साहित्य फारसं नाही. पांढरं ताट, चहाची गाळणी, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि रंगकामाचा मऊ ब्रश. चिमट्याने कल्ले आणि शेपट्या तुटतात. मोठी जाळी असेल तर ती प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून वरचे दगड पायाने ढवळावेत आणि प्रत्येक ठिकाणी ढवळण्याचा वेळ सारखाच ठेवावा, नाहीतर दोन जागांची तुलना करण्यात अर्थ नाही. गहुंज्याच्या वर एक जागा, रावेतच्या बंधाऱ्याखाली दुसरी, चिंचवडला मोरया गोसावी मंदिराच्या घाटाजवळ तिसरी. दापोडीला मुळेच्या संगमाजवळ जायचं तर गमबूट आणि हातमोजे हवेतच. वहीत जातीचं नाव लिहिण्याचा हट्ट नको. तारीख, जागा, दगड की गाळ, पाणी वाहतं की साचलेलं, आणि कुळं कोणती, एवढं पुरे. सपाट अंग आणि माथ्यावरचे डोळे, पोहणारं निमुळतं अंग, चौकोनी ढाल, सुळे: या चार खुणा डोळ्यांत बसल्या की बऱ्याच पिल्लांचं कुळ चटकन सांगता येतं. नोंद झाली की ताट त्याच दगडापाशी पाण्यात तिरकं करून पिल्लं सोडून द्यावीत, आणि उलटा केलेला गोटा होता तसा परत ठेवावा. त्याच्या खालच्या अंगाला बऱ्याचदा पुढच्या पिढीची अंडी चिकटलेली असतात.